मेडनचे अल्बम: कोणाचे दिवस पालटले, कोण तसाच राहिला

मागच्या अंकात ब्रिटिश हेवी मेटलवर थोडं लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. अन् गंमत म्हणजे बहुतेक सगळे प्रश्न एकाच बँडचे, आयर्न मेडनचे. त्यातही सगळ्यांचा सूर एकच की अमुक अल्बम तेव्हा गाजला अन् आता कोणी विचारत नाही, तमुक तेव्हा पडला अन् आता लोक डोक्यावर घेऊन राहिले, हे होतं कसं? एकेक घेऊ.

प्रश्न: भाऊ नमस्कार. मी सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे. आमच्या गॅदरिंगमध्ये कोणताही बँड स्टेजवर चढला की 'फिअर ऑफ द डार्क' वाजवतोच अन् सगळं पब्लिक ओरडून गाते. म्हणून मी तो पूर्ण अल्बम लावला तर मधातच बोर झालो. गाणं एवढं मोठं अन् अल्बमबद्दल कोणी बोलत काहून नाही?
— एक वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर: तुला जे वाटलं ते जगभरातल्या बऱ्याच मेडनवाल्यांना वाटतं, त्यामुळे त्याचं वाईट वाटून घेऊ नको. हा अल्बम १९९२ चा. इंग्लंडच्या चार्टवर थेट एक नंबरला गेला होता, म्हणजे कागदावर पाहिलं तर हिट. पण लांबी बघ. १२ गाणी, जवळजवळ ५८ मिनिटं. दहा वर्षं आधीचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' काढून बघ, ८ गाणी अन् ४० मिनिटांत खेळ खलास, एक मिनिट फुकट नाही. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या वर चांगला आवाज मावत नाही, म्हणून तेव्हा बँडला गाणी गाळावी लागायची. सीडी आली, ७० मिनिटांच्या वर जागा मिळाली, मग गाळायचं कशाला असं झालं, अन् हे फक्त मेडनचं नाही, त्या काळातल्या कितीतरी बँडचं झालं. 'वीकेंड वॉरियर', 'द अ‍ॅपरिशन' ही गाणी मला आजही भरतीचीच वाटतात. उलट 'अफ्रेड टू शूट स्ट्रेंजर्स' मात्र नीट ऐक, आखाती युद्धाच्या वेळचं आहे, हळू सुरू होते अन् मग मधातून गिटार अशी उघडते की बस. 'वेस्टिंग लव्ह' पण सोडू नको.

आता तुझा खरा प्रश्न, हे एकच गाणं एवढं वर कसं गेलं. माझं म्हणणं असं आहे की मेडनचं गाणं स्टुडिओत फक्त जन्माला येतं, ते मोठं होतं स्टेजवर. बँड उभा करणाऱ्या, बेस वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसनं 'फिअर ऑफ द डार्क'ची चाल अशी बांधली आहे की सुरुवातीची गिटारची धून शब्दांशिवायच पब्लिकला गाता येते. १९९२ पासून जवळजवळ प्रत्येक टूरमध्ये ते वाजलं अन् प्रत्येक ठिकाणी लोकांनी ती धून उचलली. १९ जानेवारी २००१ ला रिओमध्ये, अडीच लाखांच्या आसपास पब्लिकसमोर वाजवलेलं त्याचं रेकॉर्डिंग आहे, 'रॉक इन रिओ' नावाच्या लाइव्ह अल्बमवर. ते एकदा हेडफोन लावून ऐक अन् मग पुन्हा १९९२ चं स्टुडिओचं ऐक. स्टुडिओतलं गाणं तुला अर्धवट वाटेल, कारण त्यात लोक नाहीत. तुमच्या गॅदरिंगमध्ये जे होऊन राहिलं ते त्याच रिओचं चालू आहे. बाकीच्या ११ गाण्यांना ती संधीच मिळाली नाही, बहुतेक एका टूरनंतर सेटलिस्टमधून, म्हणजे शोच्या गाण्यांच्या यादीतून, गेली ती गेलीच.

एक अजून. मार्टिन बर्च नावाचा प्रोड्यूसर १९८१ च्या 'किलर्स'पासून मेडनचे सगळे स्टुडिओ अल्बम करत होता, त्याचा हा शेवटचा. अन् पुढच्याच वर्षी गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेला. त्यामुळे लोकांच्या डोक्यात हा अल्बम 'शेवट' म्हणून बसला, अन् शेवटाकडे माणूस जरा कडक नजरेनंच बघतो.

प्रश्न: संपादक महोदय, माझ्याकडे नव्वदच्या दशकातल्या कॅसेट्सचा एक खोका आहे, त्यात आयर्न मेडनचे 'द एक्स फॅक्टर' आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन' पण आहेत. माझा मुलगा म्हणतो बाबा हे दोन तर फेकूनच द्या, हे खरे मेडन नाहीत. मला तर 'एक्स फॅक्टर' तेव्हाही आवडत होता. ठेवू की काढू? आणि ठेवायच्या असतील तर नागपूरच्या उन्हाळ्यात कॅसेट टिकवायच्या कशा?
— एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर: काका, अजिबात काढू नका. मुलाला माझ्याकडून सांगा की 'खरे मेडन' अन् 'खोटे मेडन' असं काही नसते, सगळी गाणी त्याच स्टीव्ह हॅरिसच्या घरातून निघाली आहेत. अन् हे मी शब्दशः म्हणून राहिलो, 'एक्स फॅक्टर' त्याच्या इसेक्समधल्या घराच्या आवारातल्या स्टुडिओतच रेकॉर्ड झाला.

गोष्ट अशी की १९९३ मध्ये ब्रूस गेला, १९९४ मध्ये त्याच्या जागी ब्लेझ बेली आला. ब्लेझ आधी वुल्फ्सबेन नावाच्या बँडमध्ये होता. त्याचा आवाज मुळातच खालचा, जाड, अन् ब्रूसचा आवाज म्हणजे वर चढत जाणारा, थेट आभाळात. हा फरक आहे, दोष नाही. पण बँडनं जुनी गाणी त्याच पट्टीत ठेवली अन् रोज रात्री त्या माणसाला दुसऱ्याच्या पट्टीत गायला लावलं. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या बैठकीत गवय्या बदलला की तानपुरे त्याच्या सुरात लावून घेतात, तसं इथे झालं नाही. आवाज बसला, टूरमधले काही शो रद्द करावे लागले, अन् खापर सगळं ब्लेझच्या डोक्यावर फुटलं. मला हे आजही पटत नाही, तीस वर्षं होत आली तरी नाही पटत.

'एक्स फॅक्टर' १९९५ चा. हॅरिसचं तेव्हा लग्न मोडलं होतं अन् ते सगळं त्या अल्बममध्ये उतरलं आहे. पहिलंच गाणं 'साइन ऑफ द क्रॉस', ११ मिनिटांचं, साधूंच्या जपासारख्या आवाजांनी सुरू होणारं, आणि पूर्ण ७१ मिनिटं अंधारच अंधार. त्या अंधाराला ब्लेझचा तोच खालचा आवाज बरोबर बसतो. ब्रूसनं हा अल्बम गायला असता तर मला वाटते एवढा जड, एवढा एकटा नसता वाटला. तेव्हा इंग्लंडमध्ये तो ८ नंबरपर्यंतच गेला, जो बँड दोन-तीनच्या खाली सहसा उतरत नव्हता त्याच्यासाठी हे पडणंच होतं, अन् अमेरिकेत तर पहिल्या शंभरातही नाही. ती वेळच वाईट होती म्हणा, अमेरिकेतलं ग्रंज नावाचं खरखरीत रॉक येऊन गेलं होतं, इंग्लंडमध्ये ब्रिटपॉप नावाचं गिटारवालं पॉप जोरात होतं, लांब केसांचं मेटल कोणाला ऐकायचं नव्हतं.

मग दिवस पालटले कसे? पुन्हा स्टेजवरच. १९९९ मध्ये ब्रूस परत आला, सोबत गिटारिस्ट एड्रियन स्मिथ पण परत आला, अन् लोकांना वाटलं आता ब्लेझची वर्षं पुसून टाकतील. तसं झालं नाही. रिओच्या त्या शोमध्ये ब्रूसनं 'साइन ऑफ द क्रॉस' गायलं, अन् 'व्हर्च्युअल इलेव्हन'मधलं 'द क्लॅन्समन' पण गायलं. पुढे 'डान्स ऑफ डेथ' या अल्बमच्या टूरमध्ये 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' घेतलं. २०१८ ला सुरू झालेल्या 'लेगसी ऑफ द बीस्ट' टूरमध्ये तर 'द क्लॅन्समन' अन् 'साइन ऑफ द क्रॉस' दोन्ही एकाच रात्री. ज्या पोरांनी ब्लेझचं नावही ऐकलं नव्हतं ती घरी जाऊन शोधायला लागली की हे गाणं कोणत्या अल्बमचं, अन् असं करत करत 'एक्स फॅक्टर'पर्यंत पोचली. तुम्हाला तेव्हाच आवडत होता म्हणजे तुमचा कान पुढे होता काका, मुलाला हे पण सांगा.

'व्हर्च्युअल इलेव्हन'बद्दल मात्र मी तेवढं जोरात नाही बोलू शकत. १९९८ चा, फुटबॉल वर्ल्ड कपच्या वर्षी काढलेला, इंग्लंडच्या चार्टवर १६ नंबर, मेडनच्या सगळ्या स्टुडिओ अल्बममध्ये तिथला सगळ्यात खालचा. 'द एंजल अँड द गॅम्बलर' हे गाणं जवळजवळ १० मिनिटं चालते अन् त्यात तीच ओळ एवढ्या वेळा येते की ऐकणारा थकून जाते. पण 'द क्लॅन्समन'साठी ठेवा. स्कॉटलंडच्या लोकांच्या स्वातंत्र्याचं गाणं आहे, अन् ते 'फ्रीडम' म्हणून ओरडणं एकदा कानात बसलं की निघत नाही.

आता कॅसेट. आपल्याकडे दोन शत्रू, ऊन अन् कूलर. माळ्यावर स्लॅबच्या खाली किंवा टिनाच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात तिथे डबाच वाकून जाते. अन् ज्या खोलीत वाळ्याचा कूलर दिवसरात्र चालतो तिथेही नको, त्या ओलाव्यानं टेपला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून बघा, टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती तशीच वाजवू नका, डेकच्या हेडला लागते अन् मग दुसऱ्या चांगल्या कॅसेटलाही लागते. घरातल्या आतल्या खोलीत, लोखंडी नको, लाकडी कपाटात, डब्यात घालून उभ्या ठेवा. मोठ्या स्पीकरला चिकटून ठेवू नका, त्यात चुंबक असते. वर्षातून एखाद-दोन वेळा पूर्ण पुढे अन् पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे टेप एकमेकीला चिकटत नाही. डेकचं हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसायचं, ते केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळते.

प्रश्न: चार्टवर एक नंबर म्हणजे अल्बम चांगला, असं नाही का? मग 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' सगळे एवढा ग्रेट म्हणतात तो ७ नंबरवरच कसा अडकला?
— एक वाचक, अमरावती रोड

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला, कारण यातच सगळं आहे. विचार करा, रिलीजच्या पहिल्या आठवड्यात अल्बम घेतो कोण? ज्यानं तो अजून पूर्ण ऐकलाच नाही तो. तो भरवशावर घेतो, अन् भरवसा येतो मागच्या अल्बमवरून. म्हणून पहिल्या आठवड्याचा नंबर मला तरी नेहमी मागच्या अल्बमचा निकाल वाटतो, या अल्बमचा नाही.

आता हे लावून बघा. 'एक्स फॅक्टर'नं बरेच लोक नाराज झाले, त्याची किंमत मोजली 'व्हर्च्युअल इलेव्हन'नं, ८ वरून १६. २००० मध्ये ब्रूस अन् एड्रियन परत येऊन, तीन-तीन गिटार घेऊन, प्रोड्यूसर केविन शर्लीसोबत पॅरिसच्या स्टुडिओत एकत्र बसून वाजवून 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' केला, अन् तो मेडनच्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी आहे असं मी छातीठोक सांगतो, 'घोस्ट ऑफ द नॅव्हिगेटर' ऐका, 'ब्लड ब्रदर्स' ऐका, हॅरिसनं ते वडिलांच्या आठवणीत लिहिलं. तरी तो ७ वरच थांबला, कारण लोक अजून सावध होते. त्याचं फळ मिळालं २००३ च्या 'डान्स ऑफ डेथ'ला, तो थेट २ वर. आता 'डान्स ऑफ डेथ'मध्ये 'पाशेंडेल' आहे, पहिल्या महायुद्धावरचं, जबरदस्त गाणं, पण पूर्ण अल्बम 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'च्या तोडीचा नाही हे बहुतेक लोक मान्य करतील, अन् त्याचं कव्हर तर अर्धवट राहिलेल्या कॉम्प्युटर ग्राफिक्ससारखं दिसते.

हा काही पक्का नियम नाही. १९८० चा पहिलाच अल्बम ४ वर गेला अन् लोकांना आवडलाही, तरी पुढचा 'किलर्स' १२ वरच राहिला. अन् कधी समोर कोण आहे त्यावरही असते. २०२१ चा 'सेंजुत्सू' इंग्लंडमध्ये २ वर थांबला कारण त्याच आठवड्यात रॅपर ड्रेकचा अल्बम आला होता. अमेरिकेत मात्र तो ३ वर गेला, म्हणजे १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बमच्या जमान्यातही तिथे एवढं वर गेले नव्हते हे लोक. साठी ओलांडलेल्या माणसांनी ८२ मिनिटांचा अल्बम काढून हे केलं, मला याचं फार कौतुक वाटते.

प्रश्न: मेडन भारतात आले होते का? कधी?
— एक वाचक, सदर

उत्तर: हो. १७ मार्च २००७ ला बंगलोरला पॅलेस ग्राउंड्सवर पहिल्यांदा. मग १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला, अन् हा नुसता शो नव्हता, 'समव्हेअर बॅक इन टाइम' या पूर्ण वर्ल्ड टूरची सुरुवातच मुंबईतून झाली. बँड आणि सामान एकाच बोइंग ७५७ मधून, अन् विमान चालवणाऱ्यांत स्वतः ब्रूस डिकिन्सन. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत परत बंगलोर. नागपूरहून तेव्हा विदर्भ एक्स्प्रेस पकडून मुंबईला गेलेले लोक अजून भेटतात, त्यांना 'पॉवरस्लेव्ह'बद्दल विचारा अन् मग तासभर मोकळा ठेवा.

प्रश्न: दादा, माझ्या नवऱ्याला मेटलचं खूप वेड आहे. वर्ध्याला सासरी जाताना गाडीत एक गाणं लावतात, बुटीबोरी येते तरी ते संपत नाही! पियानोनं सुरू होते. ते म्हणतात विमानावर आहे. कोणतं गाणं हे, अन् मला मेडन समजून घ्यायचं असेल तर सुरुवात कुठून करू? मला आवाजाचा त्रास नाही, पण धागा मिळत नाही.
— एक वाचिका, मनीष नगर

उत्तर: ताई, ते 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स', २०१५ च्या 'द बुक ऑफ सोल्स'मधलं शेवटचं गाणं, १८ मिनिटांचं. ब्रूसनं लिहिलं अन् पियानोही त्यानंच वाजवला. ते साध्या विमानावर नाही, आर १०१ नावाच्या एका प्रचंड हवाई जहाजावर आहे, गॅस भरून हवेत तरंगणारं. ऑक्टोबर १९३० मध्ये ते इंग्लंडहून निघालं अन् फ्रान्समध्ये पडून जळालं, ४८ माणसं गेली. आपल्याशी संबंध असा की ते निघालं होतं कराचीला, तेव्हाच्या हिंदुस्थानात. साम्राज्याची लांबची टोकं अशा जहाजांनी जोडायची असा तो बेत होता. हे माहीत असलं की १८ मिनिटं लांब नाही वाटत, कारण ते गाणं टप्प्याटप्प्यानं पुढे जाते, आधी तयारी अन् जहाज दिसल्याचा आनंद, मग वादळ, मग इंजिनांची धडपड, तिथे ड्रम अन् गिटारनं धोक्याचा इशारा दिल्यासारखं वाजते, अन् शेवटी परत एकटा पियानो. पुढच्या वेळी बुटीबोरीपर्यंत ही गोष्ट डोळ्यासमोर ठेवून ऐका.

हा अल्बम रेकॉर्ड झाल्यावर ब्रूसला जिभेचा कॅन्सर निघाला, म्हणून रिलीज पुढे गेलं. तो बरा झाला अन् मग सप्टेंबर २०१५ मध्ये अल्बम आला, ९२ मिनिटांचा डबल, इंग्लंडमध्ये थेट एक नंबर.

सुरुवात मात्र यानं करू नका. १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' घ्या, ब्रूसचा पहिला, मेडनचा पहिला एक नंबरवाला. तेव्हा अमेरिकेत काही धार्मिक लोकांनी नाव बघूनच त्याच्या रेकॉर्ड जाळल्या होत्या, पण तुम्ही त्यातलं शेवटचं 'हॅलोड बी दाय नेम' ऐका, फाशीची वाट बघणाऱ्या कैद्याच्या मनातलं आहे. मेडनचा धागा तुम्हाला तिथेच सापडेल: एक माणूस, एक गोष्ट, अन् गिटार ती गोष्ट पुढे ओढत नेते. त्यानंतर 'पॉवरस्लेव्ह', अन् मग सरळ उडी 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'वर. मधलं नंतर आरामात.

प्रश्न: माझा सगळ्यात आवडता 'समव्हेअर इन टाइम'. वर्षानुवर्षं पाहून राहिलो की बँडच त्याला विसरला होता. आता अचानक सगळे त्याच्याबद्दल बोलतात. हे काय झालं?
— एक वाचक, प्रताप नगर

उत्तर: भाऊ, तुमच्या मनातलं बरोबर आहे, बँडनं खरंच त्याला बाजूला ठेवलं होतं. १९८४-८५ ची 'वर्ल्ड स्लेव्हरी टूर' जवळजवळ ११ महिने चालली, पोलंडपासून कॅलिफोर्नियापर्यंत, अन् सगळे पार थकून गेले होते. ब्रूसला पुढचा अल्बम वेगळा, अकूस्टिक गिटारवाला हवा होता, त्याची गाणी बँडनं घेतली नाहीत, म्हणून १९८६ च्या या अल्बमवर गीतकार म्हणून ब्रूसचं नावच नाही. ती जागा एड्रियन स्मिथनं भरली, 'वेस्टेड इयर्स' त्याचंच. वरून गिटार सिंथेसायझर आला, म्हणजे गिटारमधून कीबोर्डसारखा आवाज काढणारं यंत्र, त्यावर काही लोक तेव्हा नाराज होते. चार्टवर ३ नंबर, म्हणजे काही पडला नव्हता. पण या अल्बमच्या टूरचा लाइव्ह अल्बम निघाला नाही, व्हिडिओ निघाला नाही, अन् त्यानंतर 'वेस्टेड इयर्स' अन् 'हेवन कॅन वेट' सोडले तर बाकी गाणी स्टेजवरून जवळजवळ गायबच. आणि 'अलेक्झांडर द ग्रेट' तर त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं, एकदाही नाही!

जे कधीच लाइव्ह ऐकायला मिळालं नाही त्याची भूक वाढतच जाते. लोक वर्षानुवर्षं मागत राहिले. मग मे २०२३ मध्ये स्लोव्हेनियात, ल्युब्लियानाला, 'द फ्यूचर पास्ट टूर'च्या पहिल्या शोला ते झालं, ३७ वर्षांनी. पूर्ण टूर 'समव्हेअर इन टाइम' अन् 'सेंजुत्सू' या दोन अल्बमवर बांधली होती, 'कॉट समव्हेअर इन टाइम'नं शो उघडायचा. अन् लक्षात घ्या की त्याच वर्षी जानेवारीत ड्रमर निको मॅकब्रेनला पक्षाघाताचा झटका आला होता, शरीराची एक बाजू धड चालत नव्हती, तरी त्यानं महिन्यांच्या मेहनतीनं हात परत आणला अन् साडेआठ मिनिटांचं ते गाणं वाजवलं. डिसेंबर २०२४ ला त्यानं टूरिंग थांबवलं, आता स्टेजवर सायमन डॉसन वाजवतो. तुमच्या आवडत्या अल्बमची परतफेड निकोच्या हातून झाली, हे मला फार मोलाचं वाटते.

प्रश्न: मग असा एखादा अल्बम आहे का ज्याचे दिवस अजून पालटलेच नाहीत?
— एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर: आहे ना, 'नो प्रेयर फॉर द डाइंग', १९९०. अन् त्याची गोष्ट सगळ्यात उलटी आहे. १९८८ चा 'सेव्हन्थ सन' म्हणजे एकच लांब गोष्ट सांगणारा, कीबोर्डवाला, इंग्लंडमध्ये एक नंबर, पण अमेरिकेत आधीच्यांपेक्षा कमी खपला. त्यानंतर हॅरिसला वाटलं पुन्हा साधं, खरखरीत वाजवू. त्याच्या घरच्या कोठारात रेकॉर्डिंगची गाडी उभी करून काम केलं. एड्रियनला ही दिशा पटली नाही, तो गेला, त्याच्या जागी गिटारवर जॅनिक गर्स आला. अन् याच अल्बमनं मेडनला त्यांचं इंग्लंडमधलं एकमेव एक नंबरचं सिंगल, म्हणजे सुटं विकलेलं गाणं, दिलं, जानेवारी १९९१ मध्ये, 'ब्रिंग युअर डॉटर टू द स्लॉटर'. अल्बम स्वतः २ नंबरवर. म्हणजे कागदावर 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पेक्षा कितीतरी वर, अन् आज त्याला कोणी विचारत नाही. २००० नंतर त्यातलं क्वचितच काही स्टेजवर आलं, अन् आधी सांगितलं तेच, मेडनचं गाणं मोठं होतं ते स्टेजवरच.

मला स्वतःला वाटते की पूर्ण अल्बम परत उभा राहणं कठीण आहे, आवाज कोरडा आहे, ब्रूस मुद्दाम घसा खरवडून गातो अन् 'हुक्स इन यू'सारखी गाणी त्यांच्या तोडीची नाहीत. पण त्याच नावाचं गाणं, 'नो प्रेयर फॉर द डाइंग', हळू सुरू होऊन मधात धाव घेणारं, हे चांगलं आहे. 'रन सायलेंट रन डीप' पाणबुड्यांवरचं, त्यातला बेस ऐका. अन् शेवटचं 'मदर रशिया' घ्या, सोव्हिएत युनियन मोडायच्या एक वर्ष आधीचं, पाच-साडेपाच मिनिटांत त्यांनी त्या देशाची दुःखाची धून धरली आहे. ही तीन गाणी आज रात्री लावून बघा अन् मला लिहून कळवा, पुढच्या अंकात तुमचं मत छापतो.